पडायचं घर

नागनाथ मिस्त्रीनं पंचवीस वर्षांत वालूर आणि आसपासच्या गावांत कितीतरी घरं बांधली, पण पोटच्या पोरीनं सांगितलेलं दोन वीत उंचीचं घर काही त्याच्या हातून होईना.

"पप्पा, लय सोपं हाय," नववीतली संघप्रिया वही उघडून समजावत होती. "दोन घरं लागतेत. एक भूकंपात टिकणारं, पायावर आन् खिडक्यांवर काँक्रीटचे पट्टे असलेलं. ते आमचं आमी बांधायचं, नियमच हाय. दुसरं साधं, बिनपट्ट्याचं. ते मोठ्या माणसानं बांधून दिलं तरी चालतं. भूकंपासारखं हलवणारं मशीन सुरू झालं की ते पडायचं."

"पडायचं म्हंजे?"

"पडायलाच पायजे. धा सेकंदात. तवाच तर फरक दिसंल!"

नागनाथनं चहाची बशी खाली ठेवली. "पोरी, लोकं माझ्याकडं घर उभं करायला येतेत. पाडायचं असंल तर जेसीबीवाल्याला इचार."

"पप्पा, जिल्ह्याची स्पर्धा हाय. पयला नंबर आला की राज्याच्या स्पर्धेला पुण्याला नेणारेत."

पुण्याचं नाव निघालं आणि नागनाथनं वही जवळ ओढली. संघप्रियानं आजवर सेलू पाहिलं होतं, परभणी पाहिली होती, त्यापुढे तिची मजल गेली नव्हती. स्पर्धेला अजून पंधरा दिवस होते आणि हिनं पुण्याची बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. बापाला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या निवेदिता मॅडम स्वतः घरी आल्या. "मिस्त्री, एकच विनंती आहे. या घरात जीव ओतू नका. लोक नेहमी करतात त्या सगळ्या चुका करा."

"कोणत्या चुका, मॅडम?" नागनाथनं अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

मॅडमनी यादीच वाचली. विटांच्या सांध्यावर सांधा, कोपरे एकमेकांत न गुंतवलेले, सिमेंटऐवजी मातीचा माल, छताचं सगळं वजन एका अंगाला. नागनाथ मयताची खबर ऐकावी तसा मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यानं दोन दिवस खपून, प्रत्येक विटेची मनातल्या मनात माफी मागत, ते घर एकदाचं बांधलं.

खरी पंचाईत पुढेच झाली. दोन्ही घरं एका फळीवर बसवून अंगणात वाळायला ठेवली होती. संघप्रिया आणि तिच्या गटातल्या पोरींनी कौतुकानं पाट्या लावल्या होत्या. डावीकडे 'टिकणारे घर', उजवीकडे 'पडणारे घर'. येणारा जाणारा फाटकातून डोकावायचाच.

"मिस्त्री, डावीकडचं कुणी बांधलं?"

"पोरींनी."

"आन् उजवीकडचं?"

"...म्या."

"म्हंजे टिकणारं पोरींनी बांधलं आन् पडणारं तुमी?"

भूकंप, मशीन, स्पर्धा हे सगळं सांगेपर्यंत विचारणारा पुढच्या गल्लीत पोचलेला असायचा. दोन दिवसांत बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बातमी झाली की नागनाथ आता पडणारी घरं बांधायलाय. तिसऱ्या दिवशी परमेश्वर आला. सोमवारी त्याच्या घराचा पाया खणायचा होता.

"सहज आलतो, मिस्त्री," तो उजवीकडच्या घरावरची नजर न काढता म्हणाला. "आमचं काम जरा दिवाळीनंतर बगू म्हनतो."

"कामून?"

"तसं काय न्हाई. घरच्यांच्या मनात जरा धाकधूक हाय."

नागनाथच्या डोक्याची शीरच तडकली. पंचवीस वर्षांची इज्जत दोन वीत घरानं धुळीला मिळवली!

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको सत्यशीला शेतात आणि पोरगी शाळेत असताना तो त्या घरापुढे उकिडवा बसला. वरचे चार थर उतरवून एकच कोपरा नीट करावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण एक कोपरा बांधलेला आणि तीन मोकळे, हे बघवेना. चारही झाले. मग आतून बारीक तार फिरवली, कारण कोपऱ्यांना तार नाही म्हणजे काय काम झालं? तारेला माती धरत नव्हती म्हणून चिमूटभर सिमेंट आलं, चिमटीची ओंजळ झाली. वरून मातीचा हात फिरवला आणि घर पुन्हा होतं तसं दरिद्री दिसायला लागलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"पडंल की," त्यानं स्वतःची समजूत घातली. "मशीन ते मशीनच. पण जरा इज्जतीनं पडंल."

स्पर्धा परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती. मधोमध एक लोखंडी टेबल, खाली मोटर, बाजूला वेग वाढवायचं बटण. परीक्षक अण्णासाहेब हे निवृत्त इंजिनिअर. गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ घेऊन बसलेले. आधीच्या नऊ शाळांची साधी घरं शिट्टी वाजल्यावर कशी शहाण्यासारखी कोसळली. प्रत्येक वेळी टाळ्या.

मग संघप्रिया माइक घेऊन उभी राहिली. "आता आपण भूकंप सुरू करू या. उजवीकडच्या घराकडं लक्ष द्या. ते लगेच पडेल."

टेबल थरथरू लागलं. दहा सेकंद झाले.

"आता पडेल," संघप्रिया म्हणाली.

वीस झाले.

"आता नक्की पडेल."

पोरं खिदळायला लागली. अण्णासाहेबांनी वेग वाढवायची खूण केली. डावीकडच्या पोरींच्या घराचा एक छज्जा निखळला, बाकी ते उभं राहिलं. उजवीकडच्या घराची वीट हलेना. वेग आणखी वाढला. माइकवरचा आवाज आता रडवेला झाला होता आणि मागं गर्दीत उभ्या नागनाथला ते ऐकवत नव्हतं.

"पड की रे बाबा," तो पुटपुटला. "पाया पडतो तुझ्या, पड!"

आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या हातचं घर पडावं म्हणून विनवण्या करत होता, आणि घर काही ऐकायला तयार नव्हतं.

शेवटी मोटरीतून धूर निघाला. कॉलेजचा एक पोरगा ओरडला, "सर, मोटर जळायलीय!" टेबल थांबलं. घर उभंच. ज्या तीन शाळांची पाळी यायची होती त्यांच्या मास्तरांनी एकच गिल्ला केला. "आमच्या पोरांनी काय हातानं हलवायचं का?"

"हे कसलं साधं घर?" अण्णासाहेब कडाडले. संघप्रियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेवढ्यात नागनाथ गर्दीतून पुढे झाला.

"साहेब, पोरीचा काय बी कसूर न्हाई. तार म्या टाकली."

"कसली तार?"

अण्णासाहेबांनी हातोडीनं माती खरवडली. आत तार, गुंतवलेले कोपरे, सिमेंट. "अहो, पण का?"

"पडणारं बांधायला हातच वळंना, साहेब. लोकं हसायली. म्हनून..."

संघप्रियानं बापाकडं असं पाहिलं की त्यापुढे ते मशीन परवडलं. मग नाक पुसून तिनं माइक ओढला. "तर बगा. घर साधंच, पट्टे न्हाईत. फक्त कोपरे बांधले, तार फिरवली आन् थोडं सिमेंट टाकलं. तेवढ्यानं मशीन जळालं. ज्यांना सगळं करायला जमत न्हाई त्यांनी एवढं तरी करावं."

टाळ्या अशा वाजल्या की विचारू नका. मास्तर मंडळी नियमावर बोट ठेवून होती, पण अण्णासाहेबांनी हात झटकला. "घर पडलं नाही म्हणून बाद, असं मी भूकंपरोधक बांधकामाच्या स्पर्धेत लिहू कसं?" दुसरी मोटर बसवून उरलेल्या तीन शाळांची घरंही हलवून झाली आणि पहिला नंबर संघप्रियाच्या शाळेला मिळाला. मात्र त्यांनी निवेदिता मॅडमना बाजूला घेऊन बजावलं, "पुण्यात दुसरं घर पडलंच पाहिजे. आणि या गृहस्थांना त्याच्या आसपास फिरकू देऊ नका."

बातमी गावात आधीच पोचली होती. परमेश्वरनं दुसऱ्याच दिवशी पाया खणायला घेतला. टपरीवर लोक नागनाथला बसायला जागा करून देऊ लागले.

पुण्याचं घर बांधायचा दिवस आला, तेव्हा सत्यशीलानंच नवऱ्याच्या हातात डबा देऊन त्याला चुडाव्याला बहिणीकडं पाठवून दिलं. "सांजच्याला या," एवढंच ती म्हणाली. नागनाथ मनकर्णाअक्काच्या ओसरीवर बसला खरा, पण जीव घरच्या अंगणात अडकलेला. शेवटी त्यानं फोन लावलाच.

"विटा भिजवल्यास का गं?"

"न्हाई, पप्पा. कोरड्याच लावल्या."

नागनाथनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "...बरं केलंस. आन् वळंबा?"

"धरलाच न्हाई. भिंत तिरपी गेलीय. आईनं बोट लावलं तर हलायलीय."

"शाब्बास," नागनाथ म्हणाला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. अक्कानं घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पप्पा, आजून एक. पुण्याचा नियम हाय, दोनी घरांखाली बांधणाऱ्याचं नाव लिहायचं. पडणारं म्याच बांधलं, तर माझंच लिहिते."

नागनाथ ताडकन उभा राहिला. "खबरदार! तुझं नाव पडणाऱ्या घराखाली?"

"मग कुणाचं लिहू?"

त्यानं तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं, तोंड पुसलं.

"लिही, नागनाथ मिस्त्री, वालूर," तो म्हणाला. "आन् मोठ्या अक्षरात लिही."