रिंगवाला नीळकंठ

नीळकंठ गेलेल्या वाटेनं कधी परत येत नाही. चहाला ऑफिसच्या पुढच्या दारानं निघाला, तर परतताना पितळी भांड्यांच्या दुकानांसमोरून, भर उन्हात वळसा घालून मागच्या दारानं येणार. "काहून गा, पुढचं दार बंद झालं का?" असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "नाही झालं. पण झालं तं कुठून यायचं, हे पायाले माहीत पाह्यजे ना!"

आम्ही दोघं भंडाऱ्यात इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहोत. एकाच तंत्रनिकेतनात शिकलो, एकाच बाकावर बसलो, आणि गुण मला जास्त होते. हे कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे मला बघून एकच म्हणतात, "नीळूभाऊ नाही आले का?" माझ्या पोटात दुखतं. लपवत नाही.

त्याचं वेड एकच, रिंग. आमची तार भंडाऱ्याहून कारधा, लाखनी, साकोली, सानगडी अशी जाते आणि लाखांदूर, पवनीवरून फिरून परत भंडाऱ्याला येते. गावोगावी स्विच, म्हणजे आलेली माहिती पुढे ढकलणारे डबे. तारेचं वर्तुळ पुरं असलं तरी त्यातला एक तुकडा मुद्दाम बंद ठेवायचा असतो. तो का, हे मी शेठना फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. शेठ जांभया देत होते.

नीळकंठनं तेच ऑफिसातल्या सत्यनारायणाच्या दिवशी समजावलं. आम्ही सगळे गोल बसलो होतो. तो प्रसादाची दोन ताटं घेऊन उठला. "हे एक ताट डावीकडून जाईन, हे उजवीकडून. थांबवणारा कोणीच नसन तं ताटं फिरतच राहतीन. ज्याले भेटला त्याले पुन्हा भेटन, आन् नव्या ताटाले वाटच उरणार नाही. म्हणून शेठ, तुम्ही हात बांधून बसा. आलेलं ताट पुढं देऊ नका."

शेठ हात बांधून बसले! मग यानं मधल्या हिशेबनिसाला हाताला धरून उठवलं. "तार तुटली! याच्या पलीकडचे उपाशी राह्यले. शेठ, हात सोडा, ताट पुढं द्या!" शेठनी घाईघाईनं ताट पुढे सरकवलं आणि उरलेल्यांना दुसऱ्या बाजूनं प्रसाद पोचला. हिशेबनीस परत जागेवर बसला तसे शेठ हात बांधायला लागले. "लगेच नाही, शेठ! तो खरंच बसला का पुन्हा उठून राहिला, थोडं पाहा. मंग बांधा." शेठ लहान पोरासारखे खूश. माझी आकृती तेव्हाही फळ्यावरच होती.

पुढे लाखनीजवळ कुणाच्या तरी जेसीबीनं खरोखरच तार तोडली. मी फोनजवळ बसून राहिलो. एक तरी तक्रार यावी अशी माझी मनापासून इच्छा होती. एकही आली नाही. बंद तुकडा आपोआप उघडला आणि साकोली-सानगडीची माहिती पवनीकडून यायला लागली. शेठ म्हणाले, "वा नीळूभाऊ!" उघडणारा स्विच होता, पण स्विचला कोण वा म्हणणार?

अशात नेटवर्क प्रमुखाची जागा निघाली. मला ती हवी होती, फार हवी होती. सासऱ्यांना तर मी मिळाली म्हणून सांगूनही टाकलं होतं. इकडे नीळकंठ रोज दुपारी डबा आणि मोबाइल घेऊन स्विचच्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. मी दाराला कान लावून पाहिला. चकार शब्द नाही. एरवी ज्याची जीभ टाळूला लागत नाही, तो इतका गप्प? शेठशीच काहीतरी शिजतंय, माझी खात्री पटली. एका दुपारी कडी नीट लागली नव्हती. मी दार ढकललं.

मोबाइल वायरीच्या रिळाला टेकवून उभा केलेला. त्यात सानगडीच्या घराची ओसरी, आणि ताट घेऊन बसलेल्या कांतावहिनी, त्याची बायको. त्या जन्मापासून ऐकत-बोलत नाहीत. शेती आणि सासू सांभाळायला त्या तिथे, हा इथे खोली करून. नीळकंठ भरभर बोटं हलवून काहीतरी सांगत होता. वहिनींनी वांग्याची फोड उचलून दाखवली, यानं तोंड वाकडं केलं, आणि त्या खांदे हलेपर्यंत हसल्या.

मला बघून तो दचकलाही नाही. "बस ना. तिले फोनवरचा आवाज काय कामाचा? चेहराच दिसला पाह्यजे. मागं एकदा तार तुटली, तं तिले वाटलं मलेच काही झालं. दिवसभर जेवलीच नाही ते. तवापासून मी या रिंगच्या मागं लागलो गा." एवढं बोलून तो परत बोटांनी बोलायला लागला.

शेठनी जागा त्यालाच देऊ केली. प्रमुखाला दुपारच्या बैठकांना नागपूरला जावं लागतं, हे कळल्यावर त्यानं सरळ सांगितलं, "जेवणाच्या टायमाले मी रिकामा नसतो, शेठ." जागा मला मिळाली. सासऱ्यांनी पेढे वाटले.

आता मी नागपूरला जातो, अनोळखी लोकांच्या शेजारी बसून डबा उघडतो. त्याच्यावर जळण्याचं कारण संपायला हवं होतं. उलट दुपार झाली की जास्तच जळायला होतं. परवा राहवलं नाही. डबा समोर ठेवला आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिनं घाबऱ्या घाबऱ्या उचलला.

"काय झालं जी? डबा सांडला का?"

"नाही. तू जेवली का, म्हणून विचारलं."

तिनं चेहरा मोबाइलच्या अगदी जवळ आणला. मग हळूच म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

बरी आहे, म्हणालो. त्यानंतर दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचेना.