पायरीवरचा माणूस

पायरीवर कोणी बसलेलं असल्याशिवाय भिकनतात्या होडी सोडत नाहीत.

आमच्या उधन्यापासून सायकलच्या अंतरावर एक तळं आहे आणि काठाला इंग्रजांच्या वेळचं दगडी बोटघर. रविवारी सकाळी कोणीही यावं, वल्हं उचलावं, फेरी मारावी, अशी जुनी रीत. साहेबांच्या होड्या केव्हाच मोडल्या. आताच्या आम्ही डांबर फासून तगवल्यात. एके काळी लूमवाल्यांची इथे रांग लागायची, बायका डबे घेऊन काठावर बसायच्या. आता पाचसहा म्हातारे उरलोत. ओल्या लाकडाचा वास तेवढा तोच आहे.

तात्या माझे शेजारी, अमळनेरकडचे. हयात लूमवर गेली. एरवी देवमाणूस, पण पायरी रिकामी दिसली की अडून बसतात. मग दूधवाल्याला थांबव, फिरायला आलेल्यांना "जरा बेसो ने, भाई" म्हणून गुजरातीत गळ घाल. एकदा त्यांनी फोटो काढायला आलेल्या नवरदेवाला बसवलं. तात्या तळं फिरून येईपर्यंत तो बसून राहिला, नवरी शेजारी धुसफुसत.

कारण विचारलं की उत्तर तयार.

"वल्हं मारताना तोंड मांगे ऱ्हास. समोर खूण नको का? नहीतं होडी वाकडी जाई."

आमच्यातल्या एका उत्साही गड्याने पायरीपाशी खांब रोवला, लाल रंगवला आणि म्हणाला, घ्या खूण. तात्यांनी खांब सगळीकडून न्याहाळला.

"हाऊ हात हालावस का?"

त्या खांबावर आता आमचे टॉवेल वाळतात.

तात्यांच्या बायकोला, मंजुळाकाकूंना, पाण्याची भारी भीती. मांडीवर डबा घेऊन त्या याच पायरीवर बसायच्या आणि तात्या परत येईपर्यंत हात हलवत राहायच्या. काकू गेल्या आणि तात्यांची खुणेची अडचण सुरू झाली. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कोणी वाद घालत नाही.

पुढे पायरीची नोकरी माझ्याकडे आली. मलाही पाण्याची हौस नाही. चहा, पेपर आणि अधूनमधून हात वर करणं, एवढंच काम. पेपरात डोकं गेलं की पाण्यावरून हाक यायची, "भाऊ, आठे देखा."

गेल्या महिन्यात मुलाकडे कामरेजला राहायला जायचं ठरलं. तात्यांना सांगायचा धीर होईना. अखेर पायरीवरच सांगितलं. तात्यांनी होडीची दोरी माझ्या हातात दिली आणि स्वतः माझ्या जागेवर बसले.

"आज तुम्ही जा. मी बठस."

मी जीव मुठीत धरून वल्ही मारू लागलो. बोटघर मागे पडत गेलं, तात्या लहान होत गेले, पण त्यांचा हात वरच होता. पुढच्या रविवारी या माणसाने कोणाकडे बघायचं? न राहवून मी वल्ही सोडली आणि दोन्ही हात हलवले. होडी जागच्या जागी गोल फिरली. काठावर तात्या पोट धरून हसत होते.

घरी आल्यावर मी आधी मुलाला फोन लावला आणि कामरेजहून उधन्याला रविवारी पहाटेची पहिली बस कितीला सुटते, ते विचारलं.