सासऱ्यांची मोटार आणि माझी शिस्त

मोटार दुरुस्त करायला अक्कल लागत नाही, शिस्त लागते! काढलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचा आणि बसवताना त्याच क्रमाने बसवायचा. हे मी सासऱ्यांच्या घरी छातीठोकपणे सांगितलं आणि फसलो.

सासऱ्यांची मोटार त्यांच्याहूनही थोरली. अलीकडे किल्ली फिरवली की ती दोनदा खोकायची, काळा धूर ओकायची आणि मान टाकायची. वैतागून त्यांनी जाहीर केलं, "ज्या जावयाच्या हातून ही सुरू होईल, त्याची मोटार!"

जावई दोनच. मी आणि माझे साडू. साडूंना पाना आणि पळी यांतला फरक कळत नाही. म्हणजे मोटार माझीच! मला ती लग्नाच्या दिवसापासून हवी होती. खरं सांगायचं तर बायकोच्या आधी मोटारच नजरेत भरली होती.

"कार्बोरेटर!" मी वास घेऊन निदान केलं. "पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी."

"हवा का कमी जाते?" साडूंनी विचारलं.

"कचरा अडकतो! तुम्ही एक करा, आत बसा. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरवा. बाकी कशालाही हात लावू नका!"

कार्बोरेटर उघडला, फुंकला, पुसला, बसवला. मोटार खोकली, मेली. पुन्हा उघडला. या खेपेला धुराने दोरीवरच्या चादरी काळ्या केल्या.

"अहो, पुरे करा आता!" बायको ओरडली. "आणि या वाटीत काय भिजत घातलं होतं तुम्ही?"

"कार्बोरेटरचं जेट, पेट्रोल सोडणारी बारीक तोटी! बसवली परत!"

"बाबांच्या औषधाची वाटी आहे ती!"

आरडाओरडा ऐकून सासूबाई बाहेर आल्या. इंजिनात डोकावल्या आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! टोपडं न काढताच सुरू करताय होय?"

त्यांनी हवा आत घेणाऱ्या तोंडावरून इलॅस्टिकचं फुलाफुलांचं कापड ओढून काढलं. या बाई रिमोटला झबलं शिवतात, मिक्सरला झगा शिवतात. मोटारीलाही सोडलं नाही!

"धूळ जाते ना आत! पण जावईबापू, तुम्हाला दिसलं कसं नाही?"

दिसलं होतं हो! दर खेपेला काढून वर्तमानपत्रावर मांडलं होतं आणि क्रम आला की ताणून परत बसवलं होतं. मला वाटलं, जुन्या कंपन्या किती नाजूक चाळणी बसवायच्या! पण मला एक सांगा, इंजिनाला कुणी टोपडं घालतं का?

एवढ्यात साडूंनी किल्ली फिरवली. मोटार पहिल्या झटक्यात सुरू!

"मी सांगितलं नव्हतं!" मी किंचाळलो.

पण सासरे शब्दाचे पक्के. त्यांनी साडूंची पाठ थोपटली. साडू हॉर्न वाजवत फाटकाबाहेर पडले, आणि शेजारी माझी बायको बसली होती! फेरफटका मारायला!

मला काय मिळालं? सासूबाईंनी ते टोपडं माझ्या हातात दिलं. "तेलाचे डाग तुमचेच आहेत. धुऊन द्या."

धुतलं. पण रागाने धुतलं!