घोट्यापर्यंत समुद्र

सहल कंपनीच्या गाइडचा पाय कचेरीच्याच जिन्यावर मुरगळला आणि सोमवारी बेटावर निघणारी चौदा माणसं कोण नेणार, हा प्रश्न उभा राहिला. मालकांनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. ती हेडक्लार्कच्या टेबलाशी येऊन थांबली.

"तुम्हीच जा."

"मी?" हेडक्लार्क उठून उभे राहिले. "साहेब, मी बेटावर कधी गेलेलो नाही."

"काय सांगता! आणि पुस्तिका?"

पुस्तिका त्यांचीच होती. पिवळ्या कव्हरची, 'बेटावर प्रथमच जाताना' या नावाची, चौसष्ट सूचनांची. बेटावर पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कंपनी तिकिटाबरोबर ती ठेवायची. अकरा वर्षांत हजारो माणसं ती वाचून गेली आणि लेखकाने मात्र समुद्र फक्त कचेरीतल्या कॅलेंडरवर पाहिला होता. पुस्तिकेतली प्रत्येक सूचना 'जपून' या शब्दाने संपत असे, म्हणून कचेरीत सगळे त्यांना जपूनराव म्हणत. तोंडावर नाही, एवढंच.

न जाता हा गृहस्थ लिहायचा कसा? अगदी सोपं होतं. कंपनीत येणारी तक्रारीची पत्रं जपूनरावांच्या टेबलावर यायची आणि प्रत्येक तक्रारीतून ते एक सूचना काढायचे. एकाच्या तळपायात शिंपला घुसला. झाली सूचना तीन : पायात सदैव बूट-मोजे घालावेत, जपून. दुसऱ्याचे बूट भिजले. सूचना चार : बूट भिजू देऊ नयेत, जपून. कोणाला पपई बाधली, पपई बंद. कोणाच्या शेजारी नारळ पडला, नारळाच्या झाडापासून दहा फूट. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तोंडं दुसऱ्यांची पोळत आणि ताक फुंकायला जपूनराव बसत. ज्यांची सहल झकास झाली ते घरी जाऊन फोटो बघत बसले. सुखी माणूस कशाला पत्र लिहितोय! त्यामुळे त्या बेटावर काही चांगलंही असतं, याची बातमी जपूनरावांच्या टेबलापर्यंत कधी पोचलीच नाही.

घरी पुस्तिकेची प्रुफं त्यांची बायको वाचायची. दर आवृत्तीला ती एकतीसपाशी अडायची.

"'समुद्रात घोट्याच्या वर पाणी येईल इतके आत जाऊ नये, जपून.' का हो?"

"एकाचा चष्मा वाहून गेला होता."

"घोट्यावरून?"

"ते मला विचारू नकोस. तू काना-मात्रा बघ."

मालकांनी या खेपेला बायकोलाही न्यायची परवानगी दिली. त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "मला काही खरेदी नको, फोटो नकोत. सव्वीस वर्षं दोन खोल्यांत काढली. मला एकदा गळ्यापर्यंत समुद्रात उभं राहायचंय. बस्स."

"एकतीस वाच," जपूनराव म्हणाले आणि मोजे मोजायला लागले.

सहल चार दिवसांची होती. बोटीतून उतरताच धक्क्यावरच्या माणसांनी त्यांना ओळखलं. "बूटवाली पार्टी आली रे!" कोणीतरी ओरडलं. जपूनरावांना वाटलं, आपल्या कंपनीचा दबदबा आहे.

पहिले दोन दिवस सहलीने पुस्तिकेबरहुकूम काढले. सकाळी वाळू ओली असते म्हणून नऊपर्यंत बाहेर पडायचं नाही. बारा ते चार ऊन. पाचनंतर डास. राहिली नऊ ते बारा ही वेळ, ती बाजार आणि संग्रहालय यांच्यासाठी राखून ठेवली होती. समुद्राच्या वाट्याला चार ते पाच हा एक तास आला. त्या तासात सोळा माणसं बूट-मोजे घालून, पूर्ण बाह्यांचे सदरे आणि कानटोप्या चढवून, प्रत्येक झाडापासून दहा-दहा फूट लांब उन्हात उभी राहिली. सोबत आलेला औषधाच्या दुकानाचा मालक म्हणाला, "साहेब, आपण समुद्र बघायला आलोय की त्याच्यावर नजर ठेवायला?"

जपूनरावांची बायको पाण्याच्या कडेपर्यंत गेली. घोट्यापर्यंत जायची मुभा एकतीस नंबरने दिली होती, पण ती तीन आणि चार यांनी मिळून काढून घेतली होती. बूट काढायचे नाहीत आणि भिजवायचे नाहीत, म्हटल्यावर माणूस समुद्रात जाणार कसा? लाट आली की ती मागे सरायची. दोन दिवस ती बिचारी नुसती मागे सरत राहिली.

तिसरा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परतीची बोट होती. बाजार उरकून घामाघूम झालेली मंडळी बाराच्या ठोक्याला लॉजवर परतली. आपापल्या खोलीत पंख्याखाली पडायचं, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. आठही दारांना आठ कुलपं लटकत होती. लॉजची नव्हेत, प्रत्येकाची घरून आणलेली. सूचना अकरा : लॉजच्या कुलपावर विसंबू नये, स्वतःचे दणकट कुलूप न्यावे, जपून. आणि बारा : सर्व किल्ल्या एका डब्यात घालून तो एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावा, जपून. जबाबदार व्यक्ती म्हणून एकमताने निवड झाली होती ती सहलीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकेची.

"बाई, डबा द्या," जपूनराव म्हणाले.

"डबा खोलीत आहे."

"मग आणा ना."

"खोलीला कुलूप आहे."

"मग उघडा!"

"किल्ली डब्यात आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

जपूनरावांना घाम होताच, तो आणखी फुटला. "अहो, पण स्वतःची किल्ली कशाला टाकलीत डब्यात?"

बाईंनी पर्समधून पिवळी पुस्तिका काढली आणि डोळ्यांपासून हातभर लांब धरली. "बारा. 'सर्व किल्ल्या.' छत्तीस वर्षं मी मुलांना सर्व म्हणजे सर्व असंच शिकवलं. तेरा. 'डबा कुलूपबंद खोलीत ठेवावा, जपून.' माझं कुलूप दाबलं की लागतं. मी दाबलं. लागलं. आता यात माझं कुठे चुकलं, ते दाखवा."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर एका शहाण्याने सोळा जणांना दाराबाहेर उभं केलं होतं.

गलका ऐकून लॉजवाली बाहेर आली. "अहो दादा, माझी कुलपं काय वाईट होती? एकेकाच्या दोन-दोन किल्ल्या आहेत माझ्याकडे."

"तुमच्याकडे दुसरी किल्ली असते, म्हणून तर आम्ही आमचं लावतो!" जपूनराव ठसक्यात म्हणाले.

"मग बसा आता," लॉजवाली म्हणाली. तरी बिचारीने घरातली करवत आणली. चार मिनिटांत पातं मोडलं, कुलपावर ओरखडा उठला नाही. कुलपं दणकट आणायची सूचना सगळ्यांनी मनावर घेतली होती. "लोहार मासे धरायला गेलाय. दिवस कलला की येईल. तोवर सावलीत बसा कुठेतरी."

पडवीवर पत्रा होता आणि तो तव्यासारखा तापला होता. टोप्या, छत्र्या, उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या, गोळ्या, मलमं, सगळं आत. बेटावर सावली होती ती फक्त नारळाच्या झाडांखाली, आणि ती नवव्या सूचनेने बंद केलेली. मंडळी किनाऱ्यावर जाऊन नियमाप्रमाणे दहा फुटांवर उभी राहिली. पाच मिनिटं राहिली. मग औषधवाला सरळ चालत गेला आणि बुंध्याला टेकून बसला.

"अहो! नऊ नंबर!" जपूनराव ओरडले.

"पडू दे नारळ," तो म्हणाला. "मेलो तर सावलीत मरेन."

धरण एकदा फुटलं की काय राहतं? सहलीतल्या नव्या जोडप्याने बूट काढले. त्याच्यामागे आणखी दोघांनी. लॉजवालीने शहाळी आणि पपईच्या फोडी पाठवल्या, त्या परात खाली ठेवायच्या आत उचलल्या गेल्या.

"बाई, तुम्ही तरी!" जपूनरावांचा आवाज चिरकला. "बावीस!"

"बावीस मला तोंडपाठ आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ती मोठी फोड द्या इकडे."

जपूनरावांची बायको नवऱ्याजवळ आली, तिने बूट काढले, शाळेतल्या मुलीसारखे मोजे घडी करून त्यांत खोचले आणि जोड त्यांच्या पायाशी ठेवला.

"जरा लक्ष ठेवा हं," ती म्हणाली आणि चालू लागली.

"अगं, कुठे? उद्या बोट आहे! बदलायला कपडे आत आहेत! अगं, घोटा आला, घोटा! थांब! अगं, गुडघा! अगं ए, कंबर गेली!"

ती थांबली तेव्हा पाणी गळ्याला लागलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. लाट आली की ती थोडी वर उचलली जायची आणि पुन्हा खाली टेकायची. काठावरून नवरा "बाहेर ये, बाहेर ये" म्हणून शंख करत होता. त्याला आत जाऊन आणता येत नव्हतं, कारण त्याच्या पायात बूट होते. कोणी म्हणालं, ओरडू नका, तळ सपाट आहे, लॉजवालीची नातवंडंसुद्धा तिथेच डुंबतात. पण नातवंडांनी काही पुस्तिकेकडे तक्रार केलेली नव्हती. जपूनराव ओरडतच राहिले.

ओरडताना ते समोरच्या झाडापासून दहा फूट अंतर राखून होते. ते तंतोतंत मोजलेलं होतं, यात शंकाच नाही. पण बागायती माणसाने पुढचं झाड लावताना जपूनरावांना विचारलेलं नसल्यामुळे, एकापासून दहा फूट सरकलं की माणूस बरोबर दुसऱ्याखाली जायचा. नारळ पडला तो त्यांच्या उजव्या बुटावर. बुंध्याला टेकून बसलेले अकरा जण सुखरूप होते.

बूट काढेपर्यंत अंगठा सुजून टम्म झाला. "समुद्राच्या पाण्यात धरा पाय," लॉजवाली म्हणाली. "तीस वर्षं मी या झाडांखाली राहते, मला कधी नारळ लागला नाही. पण मी मोजत चालत नाही म्हणा." दोघांनी धरून जपूनरावांना पाण्याच्या कडेला नेऊन बसवलं. ते घोट्यापर्यंत समुद्रात गेले ते असे. पाणी कोमट होतं. थोड्या वेळाने त्यांचं ओरडणं आपोआप थांबलं, पण तोवर दिवस कलला होता, लोहार आला होता आणि बायको बाहेर येऊन पदर पिळत उभी होती.

"मजा आली?" त्यांनी विचारलं. विचारताना घुश्शातच होते.

"आली," ती म्हणाली. "अर्धी."

अर्धी का, हे विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. ते नव्या सूचना जुळवत होते : किल्ल्यांचा डबा निवृत्त शिक्षकांकडे देऊ नये, दोन झाडांमधले अंतर आधी विचारून घ्यावे.

परतल्यावर जपूनराव लंगडत कचेरीत जाऊन तक्रारींची वाट पाहत बसले. सोळा माणसं पाच तास उघड्यावर राहिली होती; पत्रांचा ढीग येणार याची त्यांना खात्री होती. एक आठवडा गेला, दोन गेले. औषधवाला आणि नवं जोडपं पुढच्या वर्षीची नावं नोंदवून गेले. तक्रारीची फाइल कोरीच राहिली. तीन आठवड्यांनी एक पाकीट आलं. अक्षर ओळखीचं होतं. रोज सकाळी वाण्याच्या यादीवर ते त्यांना दिसत असे.

'तक्रार विभाग यांस. मी आपल्या सहलीत समुद्रात गळ्यापर्यंत उभी होते. एवढं सुख मला सव्वीस वर्षांत मिळालं नव्हतं. परंतु एक गृहस्थ पूर्ण वेळ काठावरून "बाहेर ये" म्हणून ओरडत होते, त्यामुळे लाटांचा आवाज ऐकू आला नाही. तो ऐकायचा राहून गेला. कळावे.'

जपूनरावांनी पत्र तीनदा वाचलं. दडपावं असंही मनात आलं. पण अकरा वर्षांत त्यांनी एकही तक्रार सूचनेवाचून सोडली नव्हती, आणि त्यांच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. त्यांनी कागद ओढला. पासष्ट : काठावर उभे राहून, आत गेलेल्या माणसास हाका मारू नयेत, जपून.

रात्री जेवणं झाल्यावर प्रूफ रिवाजाप्रमाणे बायकोपुढे आलं. तिने पासष्टवर बोट ठेवून ते सावकाश वाचलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"काना-मात्रा बरोबर आहे. आता ते एकतीस काढा."

"कसं काढू? त्या माणसाचा चष्मा खरंच वाहून गेला होता गं."

"मग 'समुद्रात जाताना चष्मा काढून ठेवावा' असं लिहा."

अकरा वर्षांत हे जपूनरावांना एकदाही सुचलं नव्हतं. मग त्यांनी एकतीसवर काट मारली, ती सांगत होती तसं अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं आणि सवयीने शेवटी 'जपून' लिहिलं.