राखेच्या भुताची उतरंड

आमची ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला असताना महालिंगअप्पांनी माझ्या घरातल्या टीव्हीची वायर भिंतीतून उपटली. मी खुर्चीत बसून सिनेमा बघत होतो. अप्पा समोरच्या घरात राहायचे, आणि माझ्या बायकोनं नाव घालायला दिलेलं पातेलं परत द्यायला आले होते. पडद्यावर एक अंतराळयान कुठल्याशा चंद्रावर उतरत होतं आणि खालची राख हलत होती. अप्पा दारातच थबकले.

"कितवा हाय?"

"काय कितवा?"

"भाग. भाग कितवा हाय?"

"मला काय माहीत? लागलाय म्हणून बघतोय."

अप्पांनी पातेलं खाली ठेवलं, शांतपणे चपला काढल्या, आत आले आणि वायर उपटली. "तिसरा हाय. पहिला बघितला न्हाई अन् तिसरा बघायलेत! सर, तुमी शिकलेली माणसं. उतरंड चुकली!"

मी नुकताच परळीच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो होतो आणि आपल्याला मान आहे अशा समजुतीत होतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा सिनेमा बंद करण्याचा अधिकार राज्यघटनेनं कुणालाही दिलेला नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"घटना नंतर बघू," अप्पा म्हणाले. "आधी पहिला भाग बघा."

अप्पांचं देवळाच्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान. त्यात हंड्यावर पातेलं, पातेल्यावर गुंड, गुंडावर तांब्या अशा उतरंडी छतापर्यंत गेलेल्या. थर्मलची, म्हणजे गावच्या वीजकेंद्राची, राख रोज त्यांच्यावर बसायची आणि अप्पा रोज ती पुसायचे, वरून खाली, त्याच क्रमानं. खालचं भांडं हवं असलं तर गिऱ्हाइकानं वरची सगळी उतरेपर्यंत थांबायचं. मधूनच ओढून काढायची सूचना कुणी केली तर अप्पा त्याच्याकडे असे बघायचे, की बिचारा चमचा घेऊन निघून जायचा.

सगळं जग क्रमानं चालावं असा त्यांचा हट्ट होता आणि जग चालत नाही म्हणून ते कायम संतापलेले असायचे. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं पोळीआधी भात आणला म्हणून ते भरल्या ताटावरून उठले होते. वर्तमानपत्राचं तर विचारूच नका. कालचा अंक शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय ते आजच्या अंकाची घडी मोडत नसत. हंगामात दुकानात गर्दी असली की अंक साचायचे. त्यामुळे रुपयाची किंमत उतरल्याचा सगळ्या परळीचा संताप वापरून जुना झाल्यावर अप्पा एका सकाळी दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडले, "अरे, हे काय केलं ह्या लोकांनी!" सरकारं पडायची, दुसरी यायची, आणि अप्पा जुन्या मंत्र्याला शिव्या देत असायचे. मी एकदा त्यांना पुढची बातमी सांगू लागलो, तर त्यांनी कानावर हात ठेवले.

पण खरी कडक शिस्त होती ती नाव घालण्याची. भांड्यांवर विजेच्या मशीननं नावं कोरायचं काम ते स्वतः करायचे. आसपासच्या गावांतून सासरी गेलेल्या बहुतेक मुलींच्या हंड्यांवर अप्पांचं अक्षर आहे. लग्नाआधी भांडं आलं, तर मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' घालायचं. नुसतं 'सौ.' हवं असेल तर लग्न लागल्यावर यायचं. घाटनांदूरकडचा एक मोठा बागाईतदार एकदा घाईत होता. "उद्या तर लग्न हाय, अप्पा. घाला की सौ.," म्हणाला.

"अक्षता पडल्याबिगर सौ. न्हाई," अप्पा म्हणाले. "अन् आमी डोळ्यानं बघितल्याबिगर, न्हाई तर बापानं येऊन सांगितल्याबिगर तर न्हाईच न्हाई."

अशा माणसाला राखेच्या भुताचं वेड लागावं, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. ही परदेशी सिनेमांची मालिका. हिंदीत आवाज भरलेल्या कॅसेटी हैदराबादेहून यायच्या. एका लांबच्या चंद्रावरच्या राखेत काहीतरी जिवंत असतं, ते यानात शिरतं आणि माणसं खातं, एवढं मला कळलं होतं. गावात त्याला राखेचं भूत म्हणायचे. परळीच्या माणसाला राखेची वेगळी भीती दाखवायची गरज नव्हती, तरी लोक बघायचे आणि पडदा पुसून पुन्हा बघायचे. अप्पांना 'भूत' शब्द चालत नसे. "ते प्राणी हाय. सायन्स हाय ते," असं ते म्हणायचे. त्यांचं सायन्सही बेताचंच होतं. तो चंद्र अमेरिकेच्या वर आहे आणि आपल्याकडून दिसत नाही, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं.

भांडण होतं ते क्रमाचं. मालिकेचे भाग पाच. पहिल्या भागात यानाचा कप्तान आणि त्याची लहान मुलगी असते. शेवटी कप्तान त्या प्राण्यासकट स्वतःला एका खोलीत कोंडून घेतो आणि मुलगी वाचते. दुसऱ्या भागात ती मोठी होऊन बापाला शोधायला निघते. तिसरा भाग एकदम मागं जातो, पहिल्याच्याही आधी. त्यात दिसतं, की तो प्राणी असलेली राखेची पेटी यानात आणली होती ती बापानंच, मुलगी नको नको म्हणत असताना. मग चौथा आणि पाचवा. आता काही लोकांचं म्हणणं, गोष्ट जिथून सुरू होते तिथून बघावी, म्हणजे तिसरा आधी. मला स्वतःला हे तर्कशुद्ध वाटलं आणि मी तसं अप्पांना म्हणालो.

"काय बोलायलेत, सर!" अप्पांनी हातातलं पातेलं आपटलं. "तिसरा आधी बघितला, तर माणूस पहिल्या झटक्यात म्हणतो, हा बाप हरामखोर हाय. मग पुढं तो पोरीसाठी मेला तरी कुणाला काय वाटतंय? आधी बापावर जीव बसू द्या. मग दाखवा त्याची चूक."

मला हे सिनेमाविषयीचं मत वाटलं.

त्या वर्षी गावात केबल नवी होती. केबलवाला बबन म्हणजे इथल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या. आपल्याकडे सप्ताह हरिनामाचे होतात. बबननं राखेच्या भुताचा सप्ताह जाहीर केला. चौकात फलक लागला. त्यावर पुढारी नमस्कार करताना, बबन नमस्कार करताना, आणि कोपऱ्यात राखेचं भूत. ते एकटंच नमस्कार करत नव्हतं. सप्ताह सुरू व्हायच्या आधीच उद्घाटन म्हणून पुढाऱ्यांनी हार घातलेल्या एका टीव्हीची फीत कापली आणि जग आता आपल्या दारात आलं आहे, या विषयावर भाषण केलं. भाषण चालू असताना वीज गेली. वीज जिथं तयार होते त्या गावातली वीज गेल्यावर काय बोलावं याची त्यांनी तयारी केलेली नव्हती. ते तेच भाषण मोठ्यानं बोलत राहिले.

फलकाच्या तळाशी क्रम छापला होता. पहिल्या दिवशी भाग तिसरा.

अप्पा दुकान उघडं टाकून बबनच्या ऑफिसात गेले. काय होतंय ते बघायला मीही मागून गेलो.

"कावून बे, बबन? तिसरा आधी कावून?"

"अप्पा, तिसऱ्यात मारामारी लई हाय. पब्लिक पकडून ठेवायचं तर दणका आधी पायजे."

"पब्लिक म्हंजी काय बैल हाय का, पकडून ठेवायला? उतरंड चुकली तुझी!"

"तुमच्याकडं तर पाची कॅसेटी हायेत म्हणे. घरी बसून पायजे तशा बघा की!"

अप्पा दाराकडे वळले. मग म्हणाले, "फलक बदल. न्हाई तर बघ." आणि निघाले.

वाटेत मी बबनचाच प्रश्न पुन्हा विचारला. कॅसेटी कपाटात, व्हिडिओचं मशीन घरात, मग केबलच्या क्रमासाठी बाजारभर तमाशा कशाला?

"वायर लई घरांत जाती, सर," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं, आणि गावातल्या कुणाचंही मला माहीत नसलेलं जिला माहीत असतं त्या माझ्या बायकोनं पोळी लाटता लाटता मला मूर्ख ठरवलं. अप्पांना मंगल नावाची एकुलती एक मुलगी. लहानपणी बापलेक भाड्यानं मशीन आणून भुताचे सिनेमे बघायचे. अवघड हिंदी संवाद आला की ती बापाच्या कानात अर्थ सांगायची. पुढे तिनं थर्मलमधल्या एका वायरमनशी अंबाजोगाईला कोर्टात लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. कोर्टानंतर घरी अक्षता टाकायचं ठरलं, त्याला ती बोलवायला आली, तर अप्पांनी भरल्या दुकानात सांगितलं, "मला मुलगी न्हाई." आता ती थर्मल रोडला राहते, बाजाराला लांबच्या रस्त्यानं जाते, आणि तिच्याही घरी बबनचीच केबल आहे.

"आणि अप्पा?"

"अप्पा पेपर सुद्धा मागचा टाकून पुढचा वाचत नाहीत," बायको म्हणाली. "ते काय आपणहून जातायत?"

फलक बदलला, पण तो बबनच्या सुबुद्धीनं नाही. त्याच महिन्यात पुढाऱ्यांनी सामुदायिक विवाह ठरवले होते. प्रत्येक वधूला एक हंडा, आणि त्यावर वधूच्या नावाच्या वर, त्याच्या दुप्पट आकारात, पुढाऱ्यांचं नाव 'यांजकडून सप्रेम भेट'. ते काम अप्पांकडे. बबन हंड्यांची चौकशी करायला आला तेव्हा अप्पा मशीनची वायर गुंडाळत होते.

"नावं झाली का, अप्पा?"

"आदी पोरीचं नाव, मग तुज्या काकाचं. अन् आदी पहिला भाग, मग तिसरा. दोन्ही उतरंडी सरळ कर, मग मशीन लावतो."

"काकांचं नाव खाली? अप्पा, काका लई चिडतील!"

"मग काकालाच कोराया बसव."

बबननं हिशेबी माणसासारखा विचार केला. काकांचं नाव वर राहणार असेल तर सिनेमाचा क्रम बदलायला त्याची हरकत नव्हती. अप्पांनी एक हंडा पुढं ओढला. मग पुढाऱ्यांचं नाव वर घालायला ते कबूल झाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चुकलेली उतरंड मान्य केली, आणि ती कशासाठी ते मला एव्हाना माहीत होतं.

सप्ताह पहिल्या भागापासून सुरू झाला. मीही बसलो. मुलगी दाराच्या जाड काचेवर हात ठेवते आणि पलीकडून बाप ठेवतो, तिथं माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला आणि मी चष्मा पुसला. चष्म्यावर राख बसली होती, असं मी तिला सांगितलं. समोरच्या घरात अप्पांचा टीव्हीही चालू होता. कपाटात कॅसेट असलेला माणूस तीच कॅसेट केबलवर, सगळ्यांच्या बरोबर बघत होता. दुसऱ्या दिवशी दुसरा भाग झाला. तिसऱ्या दिवशी तिसरा.

त्याच्या दुसऱ्या सकाळी मी दुकानात होतो. अप्पा अंक वाचत होते, अर्थातच जुना. फोन वाजला.

"हां. कोण?"

अंक मांडीवरून घसरून खाली पडला.

"हां... मीच लावायला लावला बबनला, क्रमानं... न्हाई ग, मुद्दाम न्हाई केलं त्या बापानं. त्याला वाटलं, आपल्याला कळतंय सगळं." अप्पांनी माझ्याकडे पाठ केली. "मग चुकलंच की. मी कुठं न्हाई म्हणतो? चुकलं ते चुकलंच... चौथ्यात काय होतंय ते आदी सांगणार न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई! बघ तू... हां. ठेव."

"कुणाचा होता?" मी विचारलं.

"राँग नंबर," अप्पा म्हणाले.

मी खाली पडलेला अंक उचलून घडी घालू लागलो. अप्पा उठले. कोपऱ्यातल्या सगळ्यांत उंच उतरंडीपाशी गेले आणि सगळ्यांत खालचा हंडा त्यांनी दोन्ही हातांनी सरळ ओढून काढला. वरची पातेली, गुंड, तांब्या गडगडत रस्त्यापर्यंत गेले. शेजारचा हारवाला धावत आला. अप्पांनी मागं वळूनही पाहिलं नाही. हंडा मांडीत घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मशीन लावलं.

मशीन कुरकुरलं. मी मान पुढं काढून पाहिलं. 'सौ.' एवढं कोरून ते थांबले होते.

"पुढं?" मी म्हणालो.

"पुढचं येतंय मला!" अप्पा संतापून ओरडले. "तुमी तांब्या उचला."