नाक दुकानात आहे

"बोलता आलं नाही तरी चालेल," पाळणाघराच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "पण दुखलं तर कुठे दुखतंय ते दाखवता आलं पाहिजे. नाक, कान, पोट, गुडघा. एवढं शिकवा आणि शुक्रवारी घेऊन या. नाही जमलं, तर सहा महिने थांबा."

सहा महिने थांबणं टुणीच्या आईला परवडणारं नव्हतं. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. नवरा सदा फिरतीवर. टुणीला सांभाळायला आजी होती तोवर कशाची फिकीर नव्हती. आजी गेली तेव्हापासून आई रजेवर होती आणि रजा सोमवारी संपत होती. सोमवारी हजर झाली नाही तर तिच्या जागी दुसरं कुणीतरी येणार, असं साहेबांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं.

हे ऐकून टुणीचे आजोबा ताडकन उठले. "मग माझ्याकडे दे की पोरीला! अगं, अख्खा जन्म लोकांच्या डोक्यात गेला माझा. मी नाही शिकवणार तर कोण शिकवणार?"

आजोबांचं केस कापायचं दुकान पाळणाघराच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे होतं. आजी गेल्यापासून ते गिऱ्हाइकाला 'बारीक की मध्यम?' एवढंच विचारत. दुकानातल्या रेडिओवर त्यांनी कापड टाकून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी ते कापड ओढलं, झटकलं, टुणीच्या गळ्याभोवती बांधलं, खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तिला वर बसवलं आणि रेडिओ मोठ्याने लावला.

"हं, टुणाबाई! हे काय? नाक!"

"नाक!" टुणी किंचाळली.

"आणि हा? कान!"

"कान! कान! कान!"

दुकानात एकच जल्लोष झाला. सगळ्यांत मोठा आवाज मोठ्या बाईंच्या यजमानांचा. हा गृहस्थ घरी मुका, पण खुर्चीत बसला की धबधबा. "वा रे पठ्ठे! आमच्या हिला दाखवाच," म्हणत ते रोज पेपर वाचायच्या निमित्ताने येऊ लागले. बुधवारी टुणीला कोपर आलं, गुरुवारी हनुवटी. टुणीची आई दारात उभी राहून डोळे विस्फारून बघत होती. पोरीपेक्षा जास्त ती आपल्या बाबांकडे बघत होती.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. आजोबा जन्मभर माणसांशी आरशातून बोलत आले होते. गिऱ्हाईक खुर्चीत, ते मागे, आणि गप्पा समोरच्या काचेत. घरीसुद्धा ते कपाटाच्या आरशात बघून चहा मागत. "बोलायचंय ना माझ्याशी? मग माझ्याकडे बघा," असं आजी वैतागून म्हणायची. त्यामुळे टुणीला शिकवतानाही ते तिच्या मागे उभे राहत आणि कंगव्याचं टोक लांब काचेवर टेकवत. टुणीही पुढे झुकून काचेवर टपली मारायची. दुकानात बसलेले सगळेच आरशात बघत होते. कुणाला काय खटकणार?

शुक्रवारी सकाळी आई टुणीला घेऊन पाळणाघरात गेली. आजोबा येतो म्हणत होते, पण यजमानांनी नेमकी त्याच वेळी मिशी काढायची टूम काढली होती.

"टुणी," मोठ्या बाई लाडाने म्हणाल्या, "तुझं नाक कुठंय?"

टुणीने भिंतींकडे पाहिलं. चारही भिंतींवर नुसती रंगीत चित्रं होती.

"दुकानात," ती म्हणाली.

"काय?"

"दुकानात नाक."

"बरं, कान कुठेत?"

"दुकानात."

"आणि पोट?"

"पोट पण दुकानात," टुणीने शांतपणे सांगितलं. एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये, याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं.

मोठ्या बाईंनी आईकडे पाहिलं. "घरी नेमकं काय शिकवताय तुम्ही?"

"बाई, येतं तिला सगळं. हनुवटीसुद्धा येते. टुणी, अगं, असं काय करतेस? नाक दाखव ना, बघू!"

तेवढ्यात टुणीला हवं ते सापडलं. मोठ्या बाईंच्या चष्म्याच्या काचेत एक छोटीशी टुणी बसलेली होती. तिलाही नाक होतं.

"नाक!" टुणी ओरडली आणि झेप घेऊन तिने काचेवर सणसणीत टपली मारली.

चष्मा उडाला, टेबलावर आपटला आणि घसरत खेळण्यांच्या फळीखाली गेला. आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांताने हाक मारली, "बाबा! आरसा! आरसा आणा!"

आजोबा तसेही समोरच्या दारात उभे राहून इकडेच बघत होते. त्यांनी हाताला लागला तो आरसा उचलला आणि रस्त्यावर धाव घेतली. नेमका तो हातातला गोल आरसा होता, मानेमागचे केस दाखवायचा.

"घे टुणाबाई, बघ यात. नाक कुठंय?"

टुणीचा चेहरा उजळला. हा आरसा कशासाठी असतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, मोठ्या बाईंच्या खुर्चीमागच्या स्टुलावर चढली, आरसा त्यांच्या मानेमागे धरला आणि आजोबांच्या आवाजात विचारलं,

"चालेल?"

"काय चालेल? काय चाललंय माझ्यामागे?" चष्म्याशिवाय मोठ्या बाईंना सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. "अहो, कुणीतरी माझा चष्मा द्या! आणि आता हे दारात कोण आलंय?"

दारात गळ्याला कापड बांधलेला, गालांवर फेस असलेला एक माणूस धापा टाकत होता.

"मी आहे," यजमान पुटपुटले. "हे एकदम पळत सुटले ना, मग मीपण..."

मोठ्या बाई उठून अगदी जवळ गेल्या, डोळे बारीक केले आणि दचकून मागे सरल्या. "अहो! तुमची अर्धी मिशी कुठंय?"

"दुकानात!" टुणी म्हणाली.

या वेळी मात्र उत्तर अगदी बरोबर होतं.

यजमानांना हसू आवरेना. फेस उडाला तो मोठ्या बाईंच्या साडीवर. त्या कडाडल्या, "हसताय काय? लग्नात तुमच्या मिशीवर भाळले होते मी!" आतली मुलं जागी झाली आणि एका सुरात रडू लागली. आई एकाला थोपटत, दुसऱ्याला उचलत, "बाई, मी समजावून सांगते, बाई, एक मिनिट," एवढंच म्हणत राहिली. तिला डोळ्यांसमोर सोमवार दिसत होता, आणि आपल्या खुर्चीत बसलेली ती दुसरी.

हे सगळं आपल्यामुळे झालं, हे आजोबांना कळलं. निदान चष्मा तरी काढून द्यावा म्हणून ते वाकले, फळीखाली हात घातला, चष्मा सापडला, आणि उठताना फळीची कड खाडकन डोक्यात बसली.

"आई गं!"

ते तिथेच फरशीवर बसले. रडणारी मुलंसुद्धा थांबून बघू लागली.

"फार लागलं का? कुठे लागलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

आजोबांना बोलवेना. टुणी स्टुलावरून खाली उतरली. तिने आधी हातातल्या आरशात पाहिलं. तिथे तिला छत दिसलं. मग तिने आरसा बाजूला ठेवला, आजोबांकडे सरळ पाहिलं आणि त्यांच्या डोक्यावर हलकेच पंजा टेकवला.

"डोकं," ती म्हणाली. "बाऊ." आणि गाल फुगवून तिने जोरात फुंकर मारली.

आईने श्वास रोखला होता. मोठ्या बाईंनी आजोबांच्या हातातून चष्मा घेतला, वाकडा झाला होता तसाच नाकावर चढवला आणि टुणीकडे बराच वेळ पाहिलं.

"सोमवारी आणा," त्या म्हणाल्या. "आणि तो आरसा इथेच राहू दे. होईल हळूहळू सवय. अहो, तुम्ही आधी जा आणि राहिलेली उरकून या. असे रस्त्याने हिंडू नका!"

सोमवारी आई कामावर हजर झाली. पहिलाच पेशंट एक्स-रेच्या प्लेटला छाती टेकवून उभा होता, तोच पाळणाघरातून फोन आला.

"काय झालं बाई? टुणी रडतेय का?"

"तिला काय धाड भरलीय? मजेत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "अडचण तुमच्या वडिलांची आहे. सकाळी तिला सोडलं, तेव्हापासून पायरीवर बसून आहेत. दुकान उघडलेलं नाही. बरं नाही का, विचारलं, तर मान हलवतात. कुठे दुखतंय, विचारलं, तर सांगता येत नाही त्यांना."

पेशंट भिंतीकडे तोंड करून मुकाट उभा होता.

"बाई," ती म्हणाली, "टुणीला जरा बाहेर पाठवाल?"

फोनमध्ये दार वाजलं. पावलं दुडदुडली.

"गेली आहे," मोठ्या बाई कुजबुजल्या. "आरसा घेऊन गेलीय. त्यांच्या तोंडासमोर धरलाय."

"मग?"

"थांबा हो. ते आरशात बघतच नाहीयेत. तिच्याकडेच बघतायत. 'चालेल?' म्हणते ती."

"आणि बाबा?"

पलीकडून रस्त्याचा आवाज आला, मग एक शटर खडखडत वर गेल्याचा, आणि त्यामागोमाग अगदी बारीक असा रेडिओचा.

"'चालेल,' म्हणाले," मोठ्या बाईंनी सांगितलं.

आईने फोन ठेवला, डोळे पुसले आणि यंत्राकडे वळली.

"घ्या दीर्घ श्वास. रोखा." तिने बटण दाबलं. "सोडा."

पेशंटच्या आधी तिचाच सुटला.