उंबऱ्यावर बसलेला गाँग

तार्वो कुणालाच कधी ‘नाही’ म्हणत नसे. तो ‘बघू’ म्हणायचा. बायको म्हणाली, न्हाणीघराचं छप्पर गळतंय, की बघू. शेजारी म्हणाला, तुझ्या कोंबड्या माझी मिरची खातात, की बघू. छप्पर अजून गळत होतं आणि कोंबड्या अजून मिरची खात होत्या. त्यामुळे त्या सकाळी त्याच्या मुलीनं, वेनिंगनं, शेवटचं विचारलं, “बापाक, सोलो शहरातल्या कलाशाळेत आज प्रवेशाची निवड आहे. बारापर्यंत पोचायचंय. जाऊ ना?” आणि तो म्हणाला, “गाँग गेल्यावर बघू,” तेव्हा तिला उत्तर मिळालं होतं.

तरीही तिनं इस्त्रीचा बाटिक शर्ट घातला आणि वेणी घट्ट बांधली.

तार्वो काशाचे गाँग, म्हणजे टांगून वाजवायची मोठाली तबकं, घडवायचा. त्याचे वडीलही घडवायचे. भट्टीजवळ मुलींनी यायचं नाही, हा त्या वडिलांचा नियम, आणि तार्वोनं तो भट्टीबरोबरच वारशात घेतला होता. पण गाँग नुसता ठोकून होत नाही. त्याचा आवाज लाटेसारखा यावा लागतो, सावकाश, पोट भरलेल्या म्हशीसारखा डुलत. ती लाट पकडायला कान लागतो, आणि तार्वोचा कान घणाच्या आवाजानं थकला होता. म्हणून तो अंगणात गाँग वाजवायचा आणि कोंबड्यांना विचारायचा, “आता कसा वाटतो?” मग स्वयंपाकघरातून कांदा चिरता चिरता वेनिंग म्हणायची, “लाट घाईत आहे. कडेला डावीकडे अजून ठोका.” तार्वो कोंबड्यांकडे बघून मान डोलवायचा आणि डावीकडे ठोकायचा. या गाँगचं सगळं काम असंच झालं होतं. मुलगी भट्टीजवळ आली नव्हती, नियम मोडला नव्हता.

गाँग डोंगरावरच्या एका गावानं करायला सांगितला होता. त्या गावाच्या गामेलान वाद्यमेळाचे प्रमुख कार्दी सकाळीच ट्रक घेऊन आले, नव्या जाकिटात, डोक्याला कडक फेटा. वेनिंगच्या आईनं, नास्तितीनं, त्यांना ओसरीवर बसवून चहा आणि तळलेली केळी दिली.

तार्वोनं आणि त्याच्या जुन्या जोडीदारानं, ज्याला सगळे लिक, म्हणजे काका, म्हणत त्या पार्जोनं, गाँग बांबूला बांधून खांद्यावर घेतला. पुढे तार्वो, मागे पार्जो. माजघरातून दारापर्यंत सगळं ठीक झालं. तार्वो उंबऱ्याबाहेर पडला, गाँग बरोबर दारात आला, आणि मागून पार्जो म्हणाला, “आई गं.”

“काय झालं?”

“कंबर. उसण भरली. खाली घे, खाली घे, हळू.”

गाँग हळूच उंबऱ्यावर आडवा टेकला. दार अरुंद होतं, कारण नास्तितीनं नुकतीच जेपाराहून आणलेली कोरीव चौकट बसवून घेतली होती. गाँगनं ते दार या बाजूपासून त्या बाजूपर्यंत भरून टाकलं. पार्जो तिथंच माजघरात चटईवर आडवा झाला आणि छताकडे बघत कण्हायला लागला.

आता परिस्थिती अशी होती. बाहेर तार्वो, नास्तिती आणि कार्दी. आत पार्जो, वेनिंग आणि तार्वोची आई म्बाह गिनाह. मध्ये गाँग. आणि गाँग ओलांडायचा नसतो. काहीही झालं तरी त्याच्यावरून पाय टाकायचा नसतो, हे तिथं चालायला शिकण्याआधी शिकवतात.

“ओढू का?” कार्दींनी विचारलं.

“दगडी उंबरा आहे. घासला तर आवाज जाईल,” तार्वो म्हणाला. “आतून मागचं टोक धरायला माणूस पाहिजे. मी पटकन आत येतो आणि तुम्ही पुढून...” त्यानं नकळत पाय उचलला.

“पाय खाली,” म्बाह म्हणाली.

पाय खाली गेला. तार्वो पन्नाशीचा होता, पण आईसमोर त्याच्या पायांचं वय वाढलं नव्हतं.

“खिडकीतून?” नास्तिती म्हणाली.

“गज कुणी बसवले?” तार्वो म्हणाला.

गज नास्तितीनंच बसवले होते, बदकं चोरीला गेल्यावर.

“मागून वाट नाही?” कार्दींनी विचारलं.

“मागचं दार शेजाऱ्याच्या मागूर माशांच्या तळ्यावर उघडतं. भिंतीला लागूनच.”

“तळं म्हणजे केवढं? गुडघाभर असेल,” कार्दी म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत घराला वळसा घालून गेले. थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, मग शेजाऱ्याचा आवाज, मग परत पाण्याचा. कार्दी आले तेव्हा छातीपर्यंत हिरवे झाले होते. फेटा होता, पण कडक नव्हता. जाकिटाच्या खिशात काहीतरी वळवळत होतं.

“दारापर्यंत पोचू देत नाही. तो शेजारी म्हणतो, आधी मासा परत द्या,” ते म्हणाले.

वेनिंगनं घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजून गेले होते. आपला शर्ट पाहिला, मग मागच्या दाराकडे पाहिलं, आणि तळ्याचा विचार सोडून दिला.

एवढ्यात एक तांबडी कोंबडी अंगणातून आली, गाँगवर चढली, मधल्या फुगवट्यावरून चालत आत गेली आणि पार्जोच्या पोटावर बसली. सगळे बघत राहिले.

“कोंबडीला चालतं?” कार्दींनी हळूच विचारलं.

“तिला कुणी काही शिकवलेलं नाही,” म्बाह म्हणाली. “तुम्हाला शिकवलंय.” मग पदराशी खेळत ती लेकाकडे वळली. “तार्वो, आत कोण कोण आहे? एक म्हातारी, एक मोडलेला माणूस, आणि एक धडधाकट पोरगी. आता तूच सांग.”

तार्वो बांबूकडे बघत म्हणाला, “मुली गाँग वाहत नाहीत.”

“लाट पकडताना चालली की,” चटईवरून पार्जो कण्हला.

कार्दींचे कान टवकारले. “लाट कुणी पकडली?”

वेनिंग आपल्या वेणीचं टोक बघायला लागली.

“कोंबड्यांनी,” तार्वो म्हणाला.

कार्दींनी तांबड्या कोंबडीकडे बघितलं. मग तार्वोकडे. त्यांच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं आणि त्या सकाळी त्यांनी बरंच काही ऐकून घेतलं होतं. “तार्वो, हा गाँग आमच्या पोरांची पोरं वाजवतील. कुणी जुळवला म्हणून सांगू त्यांना? कोंबड्यांनी?”

तार्वोनं उंबऱ्याकडे पाहिलं, त्याचे वडील तिथंच उभे असल्यासारखं.

“हिनं,” तो शेवटी म्हणाला.

“मग तिच्याच खांद्यावरून येऊ दे की. फक्त एक आहे. ज्या खांद्यांवरून गाँग घर सोडतो, त्याच खांद्यांवरून तो आमच्याकडे टांगायच्या लाकडी घोडीवर चढतो. आमच्या गावाची रीत. तेव्हा दोघांनाही वर यावं लागेल.”

“हिला कशाला? हिचं आज...” तार्वो अडखळला. हिचं आज काय आहे, ते त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं असतं.

“रस्ता सोलोवरूनच जातो ना?” म्बाहनं कार्दींना विचारलं, अगदी सहज.

“हो. कलाशाळेच्या फाटकासमोरून.”

“मग पोरगी आत जाऊन येईल तेवढा वेळ थांबा.”

“थांबू की. मलाही वाळायचंय.”

सगळ्यांनी तार्वोकडे पाहिलं. त्याच्या तोंडात ‘ब’ आला होता, हे वेनिंगला दिसलं. तिनं वाट बघितली नाही. बांबूचं टोक खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, “बापाक, उचलू?”

गाँग उठला. जड होता, तिनं दुसरा हातही बांबूला लावला. सुटताना तो चौकटीला निसटता लागला आणि आपणहून वाजला. खोल, सावकाश. लाट आली, मागे गेली, परत आली. कार्दींच्या खिशातला मासासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

तार्वो पाठमोरा उभा होता. कोंबड्या समोर होत्या, पण त्यानं त्यांना विचारलं नाही. त्यानं मान वळवली.

“कसा वाटतो, पोरी?”

“बरोबर आहे, बापाक,” वेनिंग म्हणाली. “आता घाई नाहीये त्याला.”

“आपल्याला आहे,” तार्वो म्हणाला. “चल, बारा वाजतील.”

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला. नास्तितीनं मासा शेजाऱ्याला परत दिला, त्याचं अर्धं बोलणं ऐकून घेतलं आणि पार्जोसाठी तेल गरम करून माजघरात आली. पार्जो चटईवर मांडी घालून बसला होता. समोर म्बाह होती. मध्ये कॉफीचे दोन पेले आणि उरलेली केळी. तांबडी कोंबडी सालं टोचत होती.

नास्तिती तेलाची वाटी हातात धरून उभी राहिली. “लिक, कंबर?”

पार्जोनं म्बाहकडे पाहिलं. म्बाहनं केळ्याचा तुकडा मोडला.

“म्हणजे तुम्ही दोघांनी, ती घोडीची रीत ठाऊक असून...” नास्तिती म्हणाली. “आणि ह्यांना कळलं तर?”

म्बाह उठली, कोंबडीला हातानं बाहेर हाकललं, आणि रिकामा उंबरा ओलांडून ओसरीवर जाता जाता म्हणाली, “बघू.”